खाण तशी माती? आईला एडीएचडी असेल तर मुलांना होण्याची शक्यता किती

गंगापूररोड_आई

मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं" छाप उत्तरं घरी भरपूर मिळतात.

मला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावळेपणा) आहे, निदान मोठेपणी झालं, मिथाइलफेनिडेट ही त्यावरची गोळी चालू आहे. नवऱ्याला निदान नाही. मुलगी साडेपाच वर्षांची, सिनियर केजीत. दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. सासरी "खाण तशी माती" वरचेवर ऐकायला मिळतं, म्हणून विचारते:

१. एडीएचडी ७४ टक्के आनुवंशिक आहे असं वाचलं. म्हणजे चार मुलांपैकी तिघांना होणारच का?
२. लाळेच्या नमुन्यावरून "एडीएचडी जीन" सांगणाऱ्या तपासणीची जाहिरात सारखी दिसते. करावी का?
३. दिवस राहण्याआधी गोळी बंद करायची का?
४. मुलीबद्दल बाई म्हणतात, "हुशार आहे, पण हवेत असते." आत्ता तपासायचं की थांबायचं? नाशिकमध्ये होईल की मुंबई-पुणे गाठावं लागेल?

---

जनुककट्टा

पहिले दोन प्रश्न माझ्याकडे.

७४ हा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ भलताच लावला जातो. तो जुळ्यांच्या अभ्यासांतून येतो. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारच्या जोड्यांत लक्षणं किती जुळतात याची तुलना केली, की समाजात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा किती हिस्सा जनुकांमुळे आहे ते काढता येतं. हा हिशोब अख्ख्या समाजाचा आहे. तुमच्या घरात जन्मणाऱ्या एका बाळाबद्दल तो काहीच सांगत नाही. उंची साधारण ८० टक्के आनुवंशिक धरतात, पण म्हणून सहा फुटी बापाची दहातली आठ मुलं सहा फुटी निघतील असं कोणी म्हणत नाही.

तुम्हाला हवाय तो आकडा असा: आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांपैकी किती जणांना निघतो? १९९५ मध्ये बोस्टनच्या गटाने एडीएचडी असलेल्या प्रौढांची मुलं तपासली, ५७ टक्के मुलांत निदान झालं. २००३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ४३ टक्के. दोन्ही अभ्यास लहान होते आणि कुटुंबं दवाखान्यात आलेली होती, म्हणजे त्रास जास्त असलेली. अशा ठिकाणी आकडा फुगतो. त्यामुळे एका पालकाला असेल तर तिघांत एक ते दोघांत एक एवढं धरून चाला. सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण शंभरात पाच-सहाच्या आसपास असतं. वाढ मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एडीएचडी न होण्याची शक्यता अजूनही निम्मी किंवा त्याहून जास्त आहे.

आणि खाण दोन्हीकडची असते. नवऱ्याला "निदान नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही. मोठ्यांमध्ये, त्यातही जे कसंबसं निभावून नेतात त्यांच्यात, निदान सर्रास राहून जातं. त्यांनीही एएसआरएस ही मोठ्यांमधला एडीएचडी चाळून पाहणारी १८ प्रश्नांची प्रश्नावली भरून पाहावी. दहा मिनिटं लागतात. पहिल्या सहा प्रश्नांपैकी चार किंवा जास्त उत्तरं ठळक रकान्यात पडली तर पुढची तपासणी करायची. त्या सहांवरून निदान मात्र होत नाही.

लाळेच्या तपासणीवर पैसे घालवू नका. या किटमध्ये बहुतेक वेळा डीआरडी४, डीएटी१ अशी जनुकांची जुनी नावं असतात. ती मेंदूतल्या डोपामिन या रसायनाशी संबंधित आहेत हे खरं, पण त्यांचा प्रत्येकी परिणाम इतका बारीक आहे की "तो प्रकार सापडला" म्हणून एकट्या माणसाबद्दल काहीही ठरवता येत नाही. तो प्रकार एडीएचडी नसलेल्या ढीगभर लोकांतही सापडतो. २०२३ मध्ये ३८ हजारांहून जास्त रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकांच्या २७ जागा सापडल्या, आणि मोजलेले सगळे सामान्य फरक एकत्र धरले तरी लोकांमधल्या फरकाच्या साधारण १४ टक्क्यांचाच हिशोब लागला. ७४ आणि १४ यांतली दरी संशोधकांनाच अजून भरायची आहे, मग किटवाला ती कशी भरणार? सोनोग्राफीत किंवा गर्भारपणातल्या रक्ततपासणीतही एडीएचडी दिसत नाही.

जनुकीय तपासणीला खरा अर्थ असतो तो एडीएचडीच्या जोडीला आणखी काही असेल तेव्हा: बौद्धिक वाढ मागे, झटके, जन्मजात हृदयदोष, चेहऱ्याची वेगळी ठेवण, किंवा माहेरच्या पुरुष नातेवाइकांत मतिमंदत्व. तेव्हा क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे कमी-जास्त तुकडे शोधणारी तपासणी) आणि फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढ मागे ठेवणारा आनुवंशिक आजार) याची तपासणी सांगतात, आणि तीही जनुकीय समुपदेशकाशी बोलून.

---

सिडकोकर_७

गोळी तर आजच बंद करा ताई. बाळापेक्षा मोठं काय आहे? आधीच्या पिढ्या गोळीशिवायच वाढल्या ना.

---

मनोविचार_नाशिक

सिडकोकर, हेतू चांगला आहे, पण "आजच बंद" हा सल्ला नको.

मिथाइलफेनिडेट आणि गर्भारपण यावरचा मोठा अभ्यास २०१८ चा आहे. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्या दर १००० स्त्रियांमागे हृदयदोष असलेली सुमारे ३ बाळं जास्त दिसली. हृदयदोष एरवीही शंभरात एकाच्या आसपास बाळांत असतातच. म्हणजे धोका आहे, लहान आहे, आणि दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. रोज मुंबई-आग्रा हायवेवरून दुचाकीने ऑफिसला जाणारी, कढई गॅसवर ठेवून विसरणारी किंवा औषध सुटलं की नैराश्यात जाणारी स्त्री, आणि घरून काम करणारी, मदतीला माणसं असलेली स्त्री, या दोघींचं उत्तर एकच नसतं.

व्यवहारात असं करतात. दिवस राहण्याच्या साधारण तीन महिने आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांच्या कानावर घालायचं. दोघांचीही लेखी चिठ्ठी एकमेकांकडे पोचली पाहिजे. ती पोचत नाही आणि मग बाईला दोन विरुद्ध सल्ले मिळतात, ही नेहमीची गफलत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक महिना औषधाशिवाय काढून पाहतात: गाडी, स्वयंपाक, ऑफिसची कामं, मूड, झोप यांची आठवड्याला नोंद. जमलं तर पहिल्या तीन महिन्यांत औषध नाही. नाहीच जमलं तर कमीत कमी लागणारा डोस, आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. हृदयाची घडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ती बऱ्याचदा सुरू झालेली असते, म्हणून निर्णय आधी हवा.

त्यापेक्षा मोठी गोष्ट: घरात कोणी फिट्स, बायपोलर किंवा मायग्रेनसाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर गर्भारपणात ते औषध बाळाच्या मेंदूच्या वाढीला खरोखर घातक आहे, एडीएचडीची शक्यताही त्याने वाढते. तेही मनाने थांबवायचं नाही. एकदम थांबवलं तर फिट्स येण्याचा धोका असतो. ते देणाऱ्या डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यायचं, आणि तेही दिवस राहण्याआधी.

आता मनावरचं ओझं कमी करणारं. गर्भारपणात पॅरासिटामॉल घेतल्याने एडीएचडी होतो, हे फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय. २०२४ मध्ये स्वीडनच्या सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आला. वरवर पाहता थोडा संबंध दिसला, पण एकाच आईची दोन भावंडं, एका वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्या वेळी न घेतलेली, अशी तुलना केल्यावर तो नाहीसा झाला. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, घराण्याचा होता. एडीएचडीबाबत "अमुक खाल्लं म्हणून झालं" अशा पुष्कळ गोष्टींचं असंच होतं. गर्भारपणातल्या धूम्रपानाच्या आकड्यांतही घराण्याचा मोठा वाटा आहे.

तरीही तंबाखू आणि मिश्री सोडाच. मिश्रीने बाळाचं वजन कमी भरतं, बाळंतपण लवकर होऊ शकतं, आणि कमी दिवसांची, दीड किलोच्या खालची बाळं असतील तर एडीएचडीची शक्यता साधारण दोन-तीन पट होते. आपल्याकडे मिश्रीला व्यसन धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू घेता का" विचारलं की बायका "नाही" म्हणतात.

---

बालविकास_त्र्यंबकनाका

चौथा प्रश्न. साडेपाचव्या वर्षी तपासता येतं. घरात एडीएचडी आहे म्हणून थांबण्याचं कारण तर उलट कमी आहे. पण निदानाची घाई आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निदानाचे निकष थोडक्यात: लक्ष न लागण्याच्या ९ पैकी ६ किंवा चंचलता-उतावळेपणाच्या ९ पैकी ६ लक्षणं, किमान ६ महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी, वयाच्या मानाने जास्त, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि त्यामुळे प्रत्यक्ष अडचण होणारी. १७ वर्षं पूर्ण झाल्यावर ६ ऐवजी ५ पुरतात. "हुशार पण हवेत" हे वर्णन मुलींमध्ये नेहमीचं आहे. मुली बाकांवरून उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघतात, म्हणून त्यांचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं.

आधी हे निकाली काढा, कारण यातलं काहीही एडीएचडीसारखं दिसतं:

कान. सर्दीने कानात पाणी साठलेलं मूल "ऐकत नाही". ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का) करा. डोळे तर तपासाच.

झोप. या वयाला दिवसभरात १० ते १३ तास हवी. मूल घोरतं, तोंडाने श्वास घेतं का ते रात्री मोबाइलवर दोन मिनिटं चित्रित करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅडिनॉइड्समुळे (नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे) झोप मोडणारं मूल दिवसा पेंगत नाही, उलट उधळतं, म्हणून फसगत होते.

रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा). हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा खाली असू शकतो.

टक लावून बघणं. हाक मारून, खांद्याला हात लावूनही ५-१० सेकंद तंद्री मोडत नसेल, पापण्या फडफडत असतील आणि हे दिवसात बरेचदा होत असेल तर त्या फिट्स असू शकतात, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करा. स्वप्नात असलेलं मूल हात लावल्यावर भानावर येतं.

आणि जन्मतारीख. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हा हिशोब धरला तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात धाकटं असतं. वर्गातल्या धाकट्या मुलांना एडीएचडीचं निदान जास्त मिळतं, हे अनेक देशांत दिसलंय. बाई तुलना शेजारच्या बाकाशी करतात, वयाशी नाही. मुलीचा महिना कोणता, ते बघा.

प्रश्नावल्यांमध्ये व्हँडरबिल्ट ६ ते १२ वयासाठी आहे. भारतात तयार झालेली इनक्लेन संस्थेची आयएनडीटी-एडीएचडी ६ ते ९ साठी. म्हणजे तुमच्या मुलीला दोन्ही अजून सहा महिन्यांनी. तोवर बाईंना एक पानभर लिहून मागा: कोणत्या तासाला, किती मिनिटांनी लक्ष सुटतं, एकदा सांगून किती कामं होतात, डबा-पाटी किती वेळा हरवते. "चंचल आहे" एवढ्याने काही कळत नाही. एक सावधगिरी: स्वतः एडीएचडी असलेले आईवडील मुलाचा फॉर्म भरताना बऱ्याचदा "हे तर सगळेच करतात" म्हणून शून्य टाकतात, कारण त्यांच्या घरात खरोखर सगळेच करतात. म्हणून दोघांनी वेगवेगळा भरा, आणि आजीलाही वेगळा द्या.

नाशिकमध्ये सगळं होतं. खाजगीत बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ बघा. ४० मिनिटांच्या आत निदान आणि गोळी दोन्ही देणाऱ्याकडून दुसरं मत घ्या. सरकारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतल्या ३० स्थितींमध्ये एडीएचडी आहे, शून्य ते १८ वयापर्यंत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात, आणि पुढची तपासणी जिल्हा पातळीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. खाजगी शाळेतल्या मुलांनी स्वतःहून जायचं. सिव्हिल हॉस्पिटलला आधी चौकशी करून वार ठरवा. काहीच सुचत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं.

सहा वर्षांच्या आत औषध हा पहिला उपाय नाही. पहिला उपाय पालक-प्रशिक्षण, साधारण ८ ते १२ सत्रं. आणि इथे तुमचं स्वतःचं निदान आडवं येतं: आईची लक्षणं जास्त आणि उपचाराविना असतील तर त्याच सत्रांचा मुलाला फायदा कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. कारण साधं आहे, सगळा उपचार "रोज, त्याच वेळी, न विसरता" यावर उभा असतो.

---

गंगापूररोड_आई

सगळ्यांचे आभार. जन्म नोव्हेंबरचा आहे. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटच्या मुद्द्यावर विचारते. रोज, त्याच वेळी, न विसरता हेच जमत नाही. तक्ते चिकटतात, आठवड्यात मरतात. मग करायचं काय?

---

विशेष_शिक्षिका_इंदिरानगर

तक्ता मरणारच, हे धरून तक्ता बनवायचा.

दहा रकान्यांचा रंगीत तक्ता एडीएचडी असलेली आई रात्री एकपर्यंत जागून करते आणि नवव्या दिवशी त्याकडे बघत नाही. नवं होतं तोवर मेंदूला गोडी होती. म्हणून एका वेळी एकच सवय, दोन आठवडे. उदाहरणार्थ "रात्री जेवणानंतर दप्तर भरून दाराशी". सकाळी नाही. सकाळी तुमचंही औषध अजून चढलेलं नसतं आणि रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असतात.

लिहिण्याऐवजी वस्तू वापरा. काचेची बरणी आणि २० राजमा. काम झालं की त्याच मिनिटाला एक राजमा बरणीत. "रविवारी बघू" म्हटलं तर या मुलांसाठी ते बक्षीस नसतंच. दहा राजमा झाले की सोमेश्वरला चक्कर किंवा एक गोष्ट जास्त. टाकलेला राजमा परत काढायचा नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच. दर दोन-तीन आठवड्यांनी बक्षीस बदला, गोडी उतरते.

सूचना एका वेळी एक. जवळ जाऊन, नाव घेऊन, टीव्ही बंद करून. स्वयंपाकघरातून "बूट काढ, हात धू, डबा दे, आणि आजीला हाक मार" ओरडलं तर पहिलं आणि शेवटचं तेवढं पोचतं. घड्याळ भिंतीवर उपयोगाचं नाही. किचन टायमर घ्या, १० मिनिटांचा, टिकटिक ऐकू येणारा. आईलाही तोच.

हट्टाकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं तर पहिले चार-पाच दिवस हट्ट वाढतो. आतापर्यंत जे चाललं ते चालत नाही म्हणून मूल आवाज वाढवून बघतं. नेमक्या त्याच दिवशी आजोबा मोबाइल हातात देतात आणि मूल शिकतं की अजून मोठ्याने रडायचं असतं. सुरू करायच्या आधी घरातल्या प्रत्येक मोठ्याला हे सांगा. गणपतीत, लग्नसराईत, किंवा द्राक्षमळा असेल तर काढणीच्या दिवसांत सुरूच करू नका.

आणि राखणदार एकच, एडीएचडी नसलेला. इथे नवरा. त्याचं काम रात्री ९ वाजता बरणीकडे बघणं, एवढंच. बायकोला आठवण करून देणं नाही, त्यावरून फक्त भांडणं होतात.

---

औषधवाला_शालिमार

घरात आई आणि पुढेमागे मूल दोघंही औषधावर येऊ शकतात, म्हणून दुकानाच्या बाजूने.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे. वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत हवं, एक आम्ही दोन वर्षं ठेवतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव-पत्ता, एकूण गोळ्या स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. एका प्रतीवर आलात तर परत पाठवावंच लागतं, त्यात उद्धटपणा नसतो. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन करा. साठा संपला तर मागवायला वेळ जातो, आणि सणाच्या आठवड्यात जास्तच.

आईची गोळी अर्धी करून मुलाला, हे कधीही नाही. लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी मोडली की तिचा हळूहळू सुटणारा डोस एकदम सुटतो. दोघांचे डबे वेगळ्या रंगाचे आणि कुलपात. नाश्त्यानंतर द्यायची, कारण नंतर दुपारपर्यंत भूक मरते आणि डबा तसाच परत येतो. शाळकरी मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी, उंची-नाडी-रक्तदाब दर सहा महिन्यांनी, आणि डोस बदलला की नाडी-रक्तदाब पुन्हा. घराण्यात तरुणपणी अचानक हृदयविकाराने कोणी गेलं असेल तर गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध वेगळं आहे, ते शेड्यूल एक्स नाही, पण असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात.

---

बालविकास_त्र्यंबकनाका

नोव्हेंबर असेल तर घाई अजिबात नको. कान आणि फेरिटिन या महिन्यात करून घ्या, पहिलीत गेल्यावर दिवाळीनंतर बाईंकडून व्हँडरबिल्ट भरून घ्या. जूनमध्ये भरलेला फॉर्म टाकाऊ असतो, नवी बाई आणि नवा वर्ग, तिला मूल अजून माहीतच नसतं.

एक राहिलं. २०१६ च्या अपंगत्व कायद्याच्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) आहे, आणि ती एडीएचडीसोबत बऱ्याचदा असते. तिसरीत किंवा आठव्या वर्षाच्या सुमारास वाचन-लेखन मागे पडलेलं दिसलं तर त्याची चाचणी वेगळी करा. परीक्षेत जादा वेळेची सवलत त्या प्रमाणपत्रावर मिळते, आणि ते १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं.